पावतीवरचा अंगठा

नोकरीत असताना मी ज्यांना अटक केली त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे आता पुसट झाले आहेत. वयाचा भाग आहे. एका टीव्ही मेकॅनिकचा चेहरा मात्र पुसला गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असेच मला वाटते. त्याच्यावर जो आरोप होता तो खरा आहे की खोटा, एवढाच त्या प्रकरणातला प्रश्न होता. त्याचे उत्तर काढायला मी उशीर केला. त्याची हकीकत लिहितो आहे. कोणाचेही नाव देत नाही, कारण त्यातल्या काहींची मुले-नातवंडे आजही नागपुरात राहतात.

ऐंशीच्या दशकाची ती पहिली वर्षे होती. नागपुरात टीव्ही नुकताच दिसू लागला होता. ज्याच्या घरावर अँटेना, त्याच्या घरी संध्याकाळी अर्धा मोहल्ला. मला फौजदार होऊन दोनच वर्षे झाली होती. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका लहान गावचा. वडील शाळेत शिपाई होते. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तेही ज्या मास्तरांनी आपली पुस्तके देऊन, सुटीतही घरी बोलावून मला शिकवले त्यांच्यामुळे. आमच्या घरी छापील कागदाला फार मान होता. वाटेत पडलेला कागदसुद्धा वडील पायाखाली येऊ देत नसत. सही असलेला कागद म्हणजे शेवटचा शब्द, ही समजूत मी घरून घेऊन निघालो होतो. खात्यात आल्यावर ती आणखी पक्की झाली.

एके सकाळी ठाण्यात दोघे जण आले. एक होता टीव्ही बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या नागपुरातल्या सर्व्हिस सेंटरचा मॅनेजर. दुसरा होता बर्डीच्या बाजारातला दुकानदार. त्याच कंपनीचे सेट विकणारा. पांढरे कपडे, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणे हळू. मी दोघांना खुर्च्या दिल्या.

मॅनेजरने प्रकरण समजावून सांगितले. नवा सेट खोक्यात येतो तेव्हा त्याच्यासोबत कंपनीचे गॅरंटी कार्ड असते. पातळ कागदाचे, बारीक इंग्रजी अक्षरांचे. त्याचा अर्धा भाग भरून कंपनीला टपालाने पाठवायचा, अर्धा गिऱ्हाइकाने जपून ठेवायचा. वर्षभरात सेटमधला कुठलाही भाग बिघडला तर कार्ड पाहून सर्व्हिस सेंटर तो फुकट बदलून देते. बदलणारा मेकॅनिक पावतीवर स्वतः सही करतो आणि गिऱ्हाइकाची सही किंवा अंगठा घेतो. बिघडलेला भाग परत जमा होतो.

आता झाले असे होते की नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतल्या एका बाईचे पत्र कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत गेले होते. सेट घेऊन चार महिने झाले, चित्र येत नाही, दुकानदार दुरुस्त करून देत नाही, असे तिचे म्हणणे. सेटच्या मागच्या पत्र्यावरचा नंबर तिने पत्रात लिहिला होता. मुंबईने दप्तर पाहिले, तर त्या नंबरच्या सेटची पिक्चर ट्यूब आधीच एकदा गॅरंटीत बदलून दिलेली. पावतीवर बाईचा अंगठाही होता. बाई खोटे बोलते असे आधी त्यांना वाटले. मग तशीच आणखी दोन पत्रे आली. मॅनेजरने जुन्या पावत्या काढल्या. अकरा पावत्यांवर गिऱ्हाइकाचा अंगठा होता आणि अकराही पावत्यांवर सही एकाच मेकॅनिकची होती.

"ट्यूब कंपनीतून गेली, पण गिऱ्हाइकाच्या घरी पोचली नाही. मध्येच विकली गेली," मॅनेजर म्हणाला.

दुकानदार तोवर मान हलवत ऐकत होता. मी विचारल्यावर म्हणाला, "साहेब, मी कोणाचं नाव घेणार नाही. गरिबाच्या पोटावर पाय देणं आपल्याले जमत नाही. पण सही कोणाची आहे ते तुमच्यासमोर आहे. तुम्ही शिकलेले अफसर आहात."

शिकलेले अफसर. ही गोष्ट मला आवडली, हे कबूल केले पाहिजे.

फिर्याद नोंदवून मी निघालो. मेकॅनिक सर्व्हिस सेंटरमध्येच होता. तिशीचा, किडकिडीत, डोळे लाल. एका उघड्या सेटमध्ये तो तारांना कथलाचे डाग देत बसला होता. मी ओळख सांगितली तेव्हा तो उठला आणि एवढेच म्हणाला, "हे बंद करू द्या साहेब, गरम आहे." डाग देण्याचे यंत्र त्याने बंद केले, स्टँडवर ठेवले, आणि हात पुढे केले.

ठाण्याची जीप त्या दिवशी बंदोबस्ताला गेली होती. मी त्याला बेडी घालून बाजारातून पायी नेले. वाटेतल्या पुष्कळ दुकानांमधले सेट त्यानेच दुरुस्त केलेले होते. माणसे पायरीवर येऊन पाहत होती. एकजण ओरडून म्हणाला, "काय गा, आमच्याइथूनही काही नेलं का?" लोक हसले. मेकॅनिक खाली पाहत चालत राहिला. जीप यायला दोन तास लागले असते. मी थांबू शकलो असतो.

त्याच्या खोलीची झडती घेतली. एक खोली, एक पडवी. पंचनाम्यात लिहिण्यासारखे फारसे निघाले नाही. दोन जुने रेडिओ, कथलाच्या तारेची गुंडाळी, काही व्हॉल्व आणि बिघाड तपासायचे एक मीटर. मीटर कंपनीचे असणार असे समजून मी ते जप्त केले. त्याची बायको दारात उभी होती.

"ते त्याईचं स्वतःचं आहे," ती म्हणाली. "सासऱ्यानं उमरेडचा हातमाग विकून घेऊन देल्लं. काहून नेऊन राहिले?"

 पावती आहे का, असे मी विचारले. पावती नव्हती. पंचनाम्यात मीटर लिहिले गेले.

कोर्टाने पोलीस कोठडी दिली आणि चौकशी सुरू झाली. मी खुर्चीवर, तो खाली फरशीवर. माझ्याबरोबर ठाण्याचे एक जुने जमादार होते. नोकरीला मुरलेले, सुपारी कातरत बसणारे. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही.

"या सह्या तुझ्या आहेत?"

"हो साहेब."

"मग ट्यूब कुठे गेल्या?"

"दुकानात दिल्या."

"पावतीवर लिहिलं आहे, गिऱ्हाइकाच्या घरी बसवली."

"तसं लिहावंच लागते साहेब. मी घरी नाही गेलो कोणाच्या."

"न जाता सही काहून केली गा?" जमादारांनी विचारले.

"जमादारसाहेब, दिवसाच्या दहा-बारा तक्रारी असते. सायकल एक. ट्यूब काचेची, सायकलवर नेता येत नाही. शेठची रिक्षा येत होती न्यायले. शेठ म्हणे, सेट लांब खेड्यात आहे, माहा माणूस बसवून देते, अंगठा आणून देते, जुनी ट्यूब आणून देते. तू सही करून दे. आणूनही देत होता. मले खोटं काहून वाटंल?"

"सगळेच मेकॅनिक असं करतात?"

"दुकानवाल्याचं ऐकलं नाही तर तो मॅनेजरले सांगते, हा माणूस कामाचा नाही म्हणून."

हेच उत्तर त्याने दोन दिवस दिले. शब्दसुद्धा फारसे बदलले नाहीत. आता मला कळते की सलग दोन दिवस झोप नसताना न बदलणारे उत्तर बहुधा खरे असते. खोटे उत्तर प्रत्येक वेळी थोडे सुधारत जाते. तेव्हा मला ते कळत नव्हते. मला त्याचा हट्ट दिसत होता आणि अकरा सह्या दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या तोंडात मारली.

तो रडला नाही. गाल धरून म्हणाला, "साहेब, तुम्हीही कागदावर सही करता ना? सगळं पाहून करता?"

मी बाहेर आलो. जमादार मागून आले.

"साहेब, लहान तोंडी मोठा घास घेतो," ते म्हणाले. "चोराच्या घरी चोरीच्या पैशाचं काहीतरी दिसते. नवं लुगडं, नवी सायकल, निदान चांगला चहा. झडतीच्या वेळी याच्या घरी मी पाणी मागतलं, तर बाईनं शेजारून गिलास आणला."

"सह्यांचं काय करायचं मग?"

"सह्या आहेत ना. सह्या पळून नाही चालल्या. आपण एखाद्या गिऱ्हाइकाचा जबाब तर घेऊ. अजून एकही नाही घेतला."

ते खरे होते. अकरा गिऱ्हाइकांपैकी एकालाही मी भेटलो नव्हतो. पावती होती, अंगठा होता, त्यामुळे त्यांचे जबाब नुसती रीत म्हणून शेवटासाठी ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पत्र लिहिणाऱ्या बाईंकडे गेलो. साठी ओलांडलेल्या, ताठ बसणाऱ्या. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, शेजारी त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचा. त्या मिलमध्ये सूत गुंडाळायच्या रीलिंग खात्यात होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. यंत्राजवळ आयुष्य गेल्यामुळे कानांनी ऐकू फार कमी येई. त्यामुळे जबाब असा झाला की माझा प्रत्येक प्रश्न गल्लीने ऐकला आणि प्रत्येक उत्तरही.

"टीव्ही कशासाठी घेतला?"

"रेडिओ काय कामाचा मले?" त्या म्हणाल्या. "कान तर मिलनं ठेवून घेतले. म्हटलं चित्र तरी पाहू."

"किती दिवस पाहिलं?"

"दोन महिने. मंग अंधार. सून म्हणे आवाज येऊन राहिला. मी म्हटलं, मंग तूच पाह्य वं तो आवाज."

गल्लीत हशा पिकला. जमादारही हसले.

"तुमच्या घरी कोणी मेकॅनिक आला होता? ट्यूब बदलली?"

"कोणी नाही आलं. तीनदा शेठकडे गेली. तो म्हणे, तुमच्या वस्तीत व्होल्टेज खराब आहे. मी म्हटलं, मंग बल्ब कसा पेटते?"

मी गॅरंटी कार्ड मागितले. सुनेने ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले एक जाड कार्ड काढून आणले. त्यावर दुकानाचे नाव सोनेरी अक्षरांत, खाली गणपती, खाली 'गॅरंटी' असे ठळक मराठीत. इतके देखणे कार्ड की कोणालाही ते खरे वाटावे. मागच्या बाजूला मात्र बारीक इंग्रजी मजकूर होता. माझे इंग्रजी खेड्यातले, मी सावकाश वाचले आणि ओरडून अर्थ सांगितला. दुकान सहा महिने सेवा देईल. पिक्चर ट्यूब, विजेच्या दाबामुळे झालेला बिघाड आणि दुकानदाराला योग्य वाटतील ते इतर भाग त्यात येणार नाहीत.

"मंग येते काय त्याच्यात?" बाईंनी विचारले.

"वरून पुसून देतील, आजी," जमादार म्हणाले.

"आणि कंपनीचं कार्ड? पातळ, पांढरं, डब्यात असतं ते?" मी विचारले.

"डब्यातले कागद शेठनं आपल्याजवळ ठेवले. म्हणे हे फेकायचे कागद आहे माय, कामाचा कागद हा घे. मले हा बराही दिसला."

हे ऐकताना दुकानदाराबद्दल मला पहिल्यांदा संशय आला. पण पुढे जे घडले ते माझ्या हुशारीने घडलेले नाही. जबाब पुरा झाला. आमच्या ठाण्याची पद्धत अशी की वस्तीत जबाब घ्यायला निघताना पिशवीत शाईचे पॅड टाकायचेच. जमादारांनी सवयीने ते काढले, झाकण उघडले आणि बाईंच्या पुढे धरले.

बाईंनी हात मागे घेतला.

"पेन दे," त्या म्हणाल्या.

"आजी, इथं अंगठा..."

"तुले ऐकू येत नाही का गा? ऐकू तर मले येत नाही. पेन दे."

मी माझे पेन दिले. त्यांनी जबाबाचा कागद मांडीवर सरळ केला आणि एकेक अक्षर काढत आपले पूर्ण नाव, नवऱ्याचे नाव आणि आडनाव लिहिले. वेळ लागला. आम्ही थांबलो.

मग त्यांनी सांगितले. छप्पन साली नवऱ्यासोबत त्या दीक्षेला गेल्या. परत आल्यावर नवरा म्हणाला, आता घरात अंगठा चालणार नाही. वस्तीत संध्याकाळी वर्ग भरत असे. मिलची पाळी करून त्या तिथे बसत. नाव लिहायला शिकल्या, त्यापुढे फारसे जमले नाही. पण पगाराच्या दिवशी कारकुनाने पॅड पुढे केले तर त्या बाजूला उभ्या राहत. "तो म्हणे, मोठी आली मास्तरीण. मी म्हणो, हो. रांग सरून जाये, पण तो पेन देये. तेव्हापासून मी अंगठा नाही लावला. कोणालेच नाही."

मी फाईल उघडून पावती त्यांच्यासमोर धरली. त्यांच्या नावापुढे काळा, ठसठशीत अंगठा होता.

"हा कोणाचा?" मी विचारले.

त्यांनी तो निरखून पाहिला. आपला अंगठा त्याच्याशेजारी धरून पाहिला. "कोण्या मोठ्या माणसाचा आहे," त्या म्हणाल्या. "माहा एवढा नाही."

पावतीच्या मागेच त्यांनी कंपनीला पाठवलेले पत्र टाचलेले होते. अक्षर शेजारच्या मास्तरांचे, पण तळाशी सही बाईंची. तीच वाकडीतिकडी, तुटक अक्षरे. ते पत्र पाच दिवस माझ्या टेबलावर होते. सही मास्तरांनीच केली असेल असे धरून मी ती पाहिलीच नव्हती. वस्तीतली म्हातारी बाई, म्हणजे अंगठा. दुकानदाराने हे गृहीत धरले होते. आम्हीही पिशवीत पॅड घालून तेच गृहीत धरत होतो.

तिथून पुढचे काम सोपे होते. अकराही पावत्या अंगुलीमुद्रा तज्ज्ञाकडे पाठवल्या. तोंडी उत्तर लवकर आले: अकरा ठिकाणी अंगठा एकाच माणसाचा आहे. अकराही सेट त्या एकाच दुकानातले होते आणि खोक्यातून कंपनीची कार्डे काढून घेणारा तो दुकानदारच होता, त्यामुळे झडती कोणाची घ्यायची हा प्रश्न राहिला नाही. दुकानाच्या टेबलाच्या खणात रबर लावलेली कंपनीची कार्डे सापडली. त्यांत काही भरलेली, काही कोरी. गोदामात भंगारातून आणलेल्या जळक्या पिक्चर ट्यूब सापडल्या. गिऱ्हाइकाची जुनी ट्यूब म्हणून जमा करायला त्याच वापरल्या जात; कंपनीकडून आलेल्या नव्या ट्यूब तो बाहेर विकत असे. पंचांसमक्ष दुकानदाराच्या बोटांचे ठसे घेतले. अंगठा त्याचाच निघाला, डाव्या हाताचा.

या वेळी मी त्याला खुर्ची दिली नाही. पण तो खाली बसल्यावरही तितक्याच हळू आवाजात बोलत होता. नोकराचा अंगठा का घेतला नाहीस, असे मी विचारले.

"नोकरावर भरोसा कसा ठेवायचा साहेब? उद्या त्यानंच मले धमकी देल्ली असती."

"आणि या लोकांची कार्डं? ते त्यांचं होतं ना?"

त्याने चष्मा नाकावर सारखा केला. मग म्हणाला, "साहेब, खरं सांगतो. जे गिऱ्हाईक इंग्रजी कार्ड मागते, त्याले मी देऊन टाकतो. आजवर नाही म्हटलं नाही. हे लोक मागतच नाही. ज्याले मागता येत नाही त्याच्या पेटीत कार्ड सडलं काय न् माझ्या खणात पडलं काय."

"आणि मेकॅनिक?"

"तो सीधा आहे. म्हणून तर त्याच्याकडून काम करून घेतलं."

हे वाक्य मी जबाबात जसेच्या तसे लिहून घेतले. तरीही त्याला दुसऱ्याच दिवशी जामीन मिळाला. खटला माझी बदली झाल्यावरही चालू राहिला. शिक्षा झाली, अपिलात ती कमी झाली. दुकान मेहुण्याच्या नावावर सुरूच होते.

मेकॅनिकविरुद्ध पुरावा नाही असा कलम १६९ चा अहवाल मी कोर्टात दिला आणि तो सुटला. मीटर परत केले. अटकेची बातमी त्याच्या नावासकट छापून आली होती. सुटकेची यावी म्हणून मी स्वतः एका वार्ताहराला सांगितले. तो म्हणाला, "साहेब, सुटला ही काय बातमी आहे?"

मग मी सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. याला परत घ्या, असे मॅनेजरला म्हणालो. तो वाईट माणूस नव्हता. त्याने कंपनीचा नियम काढून दाखवला: गिऱ्हाइकाच्या घरी न जाता पावतीवर सही करणाऱ्याला कामावरून कमी करावे. "चोरी त्यानं केली नाही, मान्य आहे. पण सही तर त्याचीच आहे ना साहेब?" मी ज्या युक्तिवादावर त्याला पकडले होते, तोच मला परत ऐकावा लागला. मुंबईलाही मी पत्र लिहिले. दोन ओळींचे उत्तर आले. नाही.

इंदोऱ्याच्या बाईंचा सेट मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या खोलीत पडून होता. कोर्टाची परवानगी घेऊन तो मी त्यांना सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत दिला. त्यांचे खरे कार्ड खणात सापडले होतेच, त्यामुळे ट्यूब बदलून देणे कंपनीला भाग पडले. ही बातमी सांगायला मी गेलो, तेव्हा त्यांनी आधी मेकॅनिकचे विचारले.

"त्या पोराचं काय झालं?"

मी सांगितले. 

"त्याले म्हणा, ट्यूब तूच बसवून दे. घर माहं आहे, मी बोलावून राहिली."

"आजी, कंपनी म्हणते की त्यांच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणी सेट उघडला तर गॅरंटी संपते."

हे मला दोनदा ओरडून सांगावे लागले. समजल्यावर त्यांनी हात झटकला. "संपू दे. आली होती तरी कोणत्या कामाची?"

मेकॅनिक तोवर खोली सोडून उमरेडला वडिलांकडे गेला होता. एका रविवारी मी साध्या कपड्यांत एसटीने तिथे गेलो. कोर्टाच्या आदेशाची नक्कल बरोबर घेतली होती. घरात हातमाग होता तिथला, विणकर पाय सोडून बसतो तो खड्डा आता बुजवून सारवलेला होता. वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी नक्कल हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"याले वाचून दाखवायले घरोघरी फिरू का साहेब?" ते म्हणाले.

मेकॅनिक कोळशाच्या खाणीवर ठेकेदाराकडे लागला होता. दुपारी आला. नखांत काळे भरलेले. त्याने मला पाहिले, पाणी आणून दिले, आणि समोर उभा राहिला. बस म्हटले तरी बसला नाही. उमरेडलाच टीव्हीचे दुकान काढ, मी ओळखीच्या लोकांना सांगतो, असे मी म्हणालो.

"रेडिओ असता तर काढलं असतं," तो म्हणाला. "लोक रेडिओ दुकानात आणून देते. टीव्हीले घरात जावं लागते साहेब. पलंगावर चढून, बाया-माणसांत. आता मले घरात कोण घेईल?"

"मी घेतो. माझ्या क्वार्टरवर ये. माझा रेडिओ दुरुस्त कर. लोक पाहतील."

तो पहिल्यांदा किंचित हसला. "साहेब, पोलिसाच्या घरी जाताना दिसलो तर लोक म्हणतील, अजून बोलावून राहिले याले."

 मग मी बाईंचा निरोप सांगितला. गॅरंटी गेली तरी चालेल असे त्या म्हणाल्या, हेही सांगितले. त्याने मान वर केली. कोणता सेट, कोणती ट्यूब, आवाज नीट येतो का, असे दोन-तीन प्रश्न त्याने भराभर विचारले. तेवढ्यापुरता तो सर्व्हिस सेंटरमधला माणूस झाला. मग थांबला.

"नाही साहेब," तो म्हणाला. "अजून तीन-चार महिने आहे तिच्या कार्डात. ट्यूब गेली म्हणजे बाकीच्या भागाचाही भरोसा नाही. उद्या दुसरं काही गेलं तर कंपनी म्हणेल, बाहेरच्या माणसानं सेट उघडला होता. आता मी बाहेरचाच आहे. तिले म्हणा, कंपनीचाच माणूस बोलवा. आणि पावतीवर सही करायच्या आधी चित्र पाहून घ्या."

वडील ओसरीवरून हे ऐकत होते. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवले.

मी त्याची माफी मागायला गेलो होतो. ती मागितली नाही. तोंडात मारल्याचा शब्दही माझ्या तोंडून निघाला नाही. पाच वाजताची एसटी धरली आणि परत आलो. पुढच्या आठवड्यात कंपनीच्या नव्या मेकॅनिकने बाईंची ट्यूब बदलली. चित्र पाहून मगच त्यांनी सही केली, असे जमादारांनी सांगितले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे कोणी विचारले तर दोन गोष्टी सांगतो. लोकांना सांगतो, वस्तू घ्याल तेव्हा गॅरंटी कंपनीची आहे की दुकानाची, हे खोके उघडतानाच विचारा. चकचकीत कार्ड नको म्हणा, बारीक अक्षराचे मागा, वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला सोबत न्या. आणि खात्यात नव्याने येणाऱ्या मुलांना सांगायचो, कागदावर ज्यांची नावे आहेत त्यांना एकदा डोळ्यांनी पाहा, मग बेडी घाला. मी स्वतः त्यानंतर निवृत्त होईपर्यंत जबाबाच्या शेवटी आधी पेन पुढे केले. समोरचा 'येत नाही साहेब' म्हणाला, तरच पॅड. पुष्कळ वेळा मला आश्चर्य वाटले, इतक्या जणांना सही येत होती. आम्ही विचारलेच नव्हते.

उमरेडला मी नंतर दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी वडील वारले होते आणि तो बायकोला घेऊन छत्तीसगडकडे कुठेतरी खाणीवर गेला, एवढेच शेजाऱ्यांनी सांगितले. पत्ता कोणाकडे नव्हता. मी जे शिकलो, त्याचा त्याला काही उपयोग झाला नाही.